पाय की कापड?

जगात माणसांच्या दोनच जाती आहेत, असं माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांचं ठाम मत होतं: नखं कापलेली आणि नखं वाढलेली. बाकी धर्म, पंथ, पक्ष, भावकी हे सगळं त्यांच्या लेखी नंतरचं. ते कबड्डीचे पंच होते. मैदानावर तर होतेच, पण जेवताना, लग्नाकार्यात, अगदी मयतीलासुद्धा ते पंचच असायचे. ताईला बघायला मंडळी आली तेव्हा बाकीचे मुलीला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का असलं काहीबाही विचारत होते. यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पोरी, हात बघू जरा." आईला वाटलं, हे भविष्य बघतात. बाबांना वाटलं, बांगड्यांचं माप घेतायत. यांनी तिची सगळी नखं उजेडाकडे धरून निरखली आणि आपल्या माणसांकडे वळून जाहीर केलं, "पोरगी चांगली हाय." लग्न तिथंच ठरलं. पुढे हळदीच्या दिवशी सगळं दापोडं गाव मांडवात बेभान नाचत असताना यांनी नवरदेवाला, म्हणजे पोटच्या पोराला, पाटावरच गाठलं, त्याचे दोन्ही पंजे उलटेसुलटे करून पाहिले आणि खिशातून नेलकटर काढून त्याची करंगळी ताळ्यावर आणली. वर हळद लावणाऱ्या बायकांना दम भरला, "तेल जास्ती लावू नका, अंग निसटतं." तेव्हा ताईच्या सासूबाई कडाडल्या, "जल्ला तुमचा खेल! सामना न्हाय, पोराचं लगीन हाय!" यावर त्यांनी सासूबाईंना रीतसर ताकीद दिली.

दिसायला माणूस किरकोळ. पण खिशाला शिट्टी, कमरेत अर्धी विजार आणि डोळ्यांत असा संशय, की समोरचा माणूस उगाचच आपले हात पाठीमागे लपवायचा. मी त्यांना काका म्हणायची. गाव त्यांना 'पंच' म्हणायचं. त्यांना स्वतःचं नाव कुणी विचारलं तर ते जरा विचारात पडायचे. घरात वाद झाला की दोन्ही बाजूंना बोलायला सारखा वेळ. ताटात पापलेटाचं डोकं कुणाला, हा आमच्याकडे भाऊबंदकी होईल इतका नाजूक प्रश्न, पण त्यांच्या घरात तो कधीच पेटला नाही. मागच्या वेळी डोकं कुणी खाल्लं होतं ते त्यांना बरोबर आठवायचं. एकदा मी पाहुणी म्हणून गेले असताना सासूबाईंनी प्रेमानं डोकं माझ्या ताटात वाढलं, तर यांनी शिट्टी वाजवली. "पाहुनी हाय, मान्य. पन पाली धाकट्या सुनंची हाय." ताईची धाकटी जाऊ लाजून चूर झाली, मला हसू आवरेना, आणि डोकं धाकटीच्या ताटात गेलं. ती खरंच वाट बघत होती, हे मला तिच्या खाण्यावरून कळलं.

दापोड्याला त्यांची भातशेती होती. शेतांची गोडाऊनं झाली तशी यांच्याही वावरात मोठं गोडाऊन उभं राहिलं आणि भाताच्या जागी पुठ्ठ्यांची खोकी पिकू लागली. त्यांनी भाडेकरूला एकच अट घातली होती: पुढच्या अंगणात कबड्डीचं मैदान राहील. ते राहिलं. रोज संध्याकाळी त्यावर पाणी मारलं जायचं, फक्कीनं रेषा ओढल्या जायच्या, आणि माल भरायला आलेले अजस्र ट्रक त्या मैदानाला प्रदक्षिणा घालून मागच्या गोडाऊनला लागायचे. रेषेवरून चाक गेलं की शिट्टी आणि ड्रायव्हर 'बाद'. बाद झालेल्या ड्रायव्हरनं थोडा वेळ खाली उतरून मैदानाबाहेर बसायचं, असा दंडक होता. ड्रायव्हर आधी शिव्या द्यायचे. मग हळूहळू त्यांना ते आवडायला लागलं, कारण बाहेर बसलेल्याला सासूबाई चहा पाठवत.

असाच एक सरदारजी ड्रायव्हर एकदा ट्रक बाहेरच उभा करून आला, चपला काढल्या, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि हमालांच्या खेळात उतरला. नखं पास झाली. हातात मात्र लोखंडी कडं. कबड्डीत अंगावर असलं काही चालत नाही, कुणाचा ओठ फुटेल, कुणाचं बोट अडकेल. "निकालो," काका म्हणाले. सरदारजी शांतपणे म्हणाला, "ये नहीं निकलता, चाचाजी. ये रब का है." आम्हाला वाटलं, आता वाजलं. काकांनी ते कडं मनगटावर फिरवून पाहिलं. मग घरात गेले, सुती पट्टी आणि चिकटपट्टी घेऊन आले, आणि ते कडं मनगटासकट असं गुंडाळलं की वरून डोकं आपटलं तरी उशीवर पडल्यासारखं वाटावं. स्वतःच्या गालावर दोनदा मारून घेतलं आणि मगच खेळू दिलं. ते बघून गावातला एक चढाईपटू पुढे आला. त्याच्याही हातात कडं होतं, चांदीचं. "मंग माझ्या बी कड्याला पट्टी बांधा." काकांनी विचारलं, "देवाचं हाय?" पोरगा खरं बोलणारा निघाला. "न्हाय. स्टायलीचं हाय." "मंग काढ."

त्यांचं सगळं न्यायशास्त्र एवढ्यावर चालायचं. कुणी काही वेगळं मागितलं की ते स्वतःलाच दोन गोष्टी विचारायचे: यानं दुसऱ्याला लागेल का, आणि यानं दुसऱ्याचं हातचं काही जाईल का. दोन्हीचं उत्तर नाही आलं तर मग तुम्ही डोक्यावर कंदील घेऊन खेळलात तरी त्यांची हरकत नसे. रमझान थंडीत यायचा त्या वर्षांत संध्याकाळच्या सामन्यांत रोजा धरलेली पोरं असायची. खेळ मधेच थांबवायचा नियम नाही, आणि नियमाबाहेर जाणं काकांच्या रक्तात नाही. म्हणून ते सामनाच अशा बेतानं सुरू करायचे की मध्यंतराची शिट्टी आणि मशिदीतली बांग एकाच वेळी व्हावी. मग खजूर दोन्ही संघांना. एका आयोजकानं कुरकूर केली, की पंचांनी मुद्दाम उशिरा सुरुवात केली. काका म्हणाले, "आपल्याकडं येलेवर कवा काय सुरू झालाय? आज जरा कारनानं उशीर झाला." आयोजक स्वतः उद्घाटनाला सर्वांत शेवटी पोचला होता.

हे सगळं मी ताईच्या घरची गंमत म्हणून बघत, ऐकत आणि सांगत होते. आपल्यावर कधी याचं प्रत्यक्ष काम पडेल असं मला वाटलं नव्हतं. मी भिवंडीत एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. आमच्या शाळेच्या संघात रेहाना नावाची मुलगी होती. टेमघरला राहायची, वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. वर्गात ती कवितेच्या तासाला खिडकीबाहेर बघायची, पण चढाईला गेली की समोरच्या सात जणी तिच्याकडे बघायच्या. तिच्या जोरावर आमची शाळा तालुक्याच्या अंतिम सामन्यात पोचली. जिंकणारा संघ पुढे जिल्ह्याला जाणार होता. आत्तापर्यंतचे सामने आमच्याच शाळेच्या आवारात, भिंतीआड झाले होते. अंतिम सामना मात्र खाडीपलीकडच्या गावात, उघड्या मैदानावर, सगळ्या जगासमोर. आणि रेहाना आता मोठी झाली होती. तिचे वडील शाळेत आले, दाराशी चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, बच्ची खेले, हमको एतराज नहीं. लेकिन पूरा कपडा और सर ढका हुआ. मैदान से किसी ने इसके लिए वापस भेजा, तो फिर खेल बंद. हमेशा के लिए." माणूस रागावलेला नव्हता. रात्रपाळी करून आलेला होता, दमलेला होता, आणि त्याला आपल्या वस्तीत राहायचं होतं. रेहाना त्याच्यामागे उभी राहून पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत होती.

प्रतिस्पर्धी शाळा त्याच खाडीपलीकडच्या गावची. तिच्या क्रीडाशिक्षकांना हे कसं कोण जाणे, कळलं. त्यांनी लगेच हरकत घेतली: गणवेश म्हणजे अर्धी विजार, सलवार घालून आलेल्या मुलीला खेळू देऊ नये. निर्णय पंचांवर सोपवला गेला. आणि पंच कोण, तर ताईचे सासरे! आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा उजळला. "तुमचे सोयरेच ना ते? जाऊन या की." असा वशिला लावायला मी दापोड्याला गेले. बरोबर पेढे नेले. काकांनी पेढ्यांचा पुडा हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि विचारलं, "कोनच्या संघाचे?" मी गडबडले. पुडा उचलून त्यांनी मैदानाबाहेर 'बाद' होऊन बसलेल्या ड्रायव्हरांना वाटून टाकला. मला एकही मिळाला नाही.

मग मी सगळी हकिगत सांगितली. आवाज जरा चढवूनच सांगितली, कारण मला त्या क्रीडाशिक्षकांचा संताप आला होता. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या मास्तराचं बरोबर हाय."

"बरोबर?" मी उठूनच उभी राहिले. "काका, तुम्हीसुद्धा?"

"बस. मास्तरीनबाई, तू कबिता शिकव. खेल मना ठावं हाय." ते आत गेले आणि अर्ध्या विजारीवर आपला घोळदार लेंगा चढवून आले. सासूबाई अंगणात सुके बोंबील पसरत होत्या. त्यांना हाक मारली. "ये. मी चढाईला जातू. माघारी फिरलू की मना पायाला धर."

"लोकं बघतान!"

"बघू दे. पकड!"

सासूबाईंनी पदर खोचला. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला पाय धरून पाडायची अशी अधिकृत संधी त्यांना कधी मिळाली नसावी, कारण त्यांनी जी झेप घेतली ती बघून ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. पण हातात आला तो लेंगा. नाडी तुटली, लेंगा सासूबाईंच्या मुठीत राहिला आणि काका अर्ध्या विजारीवर मध्यरेषेपार जाऊन उभे. "बघितलास?" ते धापा टाकत मला म्हणाले, "कापडाला धरनं हा दोष. म्हनून मी सुटलू, वर गुन बी मना. आता ढगला कपडा घालून येनारीला कोनी कसा धरावा? पाय धराला जाल, कापड हातात येल. त्या पोरींचं हातचं जातं का न्हाय?"

 मी वैतागले, पण परत खाली बसले. त्यांचं म्हणणं खरं होतं. मला वाटलं, संपलं सगळं, आता रेहानाच्या वडिलांना काय तोंड दाखवू. तेवढ्यात काका म्हणाले, "पन पोरीचं बी बरोबर हाय. दोघांचं बरोबर असंल तर चूक कपड्याची. कपडा बदलू." आणि लगेच सासूबाईंना शिलाईचं मशीन काढायला सांगितलं.

यानंतरचे काही दिवस त्या घरात जे चाललं त्याला शिवणकाम म्हणायचं की कबड्डी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिली विजार शिवली ती लूमवरून थेट आणलेल्या कोऱ्या कापडाची, घोट्यापर्यंत चापून बसणारी. भिवंडीत कापडाला तोटा नाही, आणि मागावरून उतरलेलं कोरं कापड आधी पाण्यात भिजवून मगच शिवायचं, हे इथं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. घाईत कुणालाच सुचलं नाही. काका ती घालून नुकत्याच पाणी मारलेल्या मैदानात उतरले. सासूबाईंनी पकडलं. पाय हातात आला, काका आनंदानं चिखलात आडवे झाले. चिंब झालेली विजार तशीच ठेवून उन्हात बसले आणि मला पकडीचे प्रकार समजावू लागले. बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलला. "पाय वाकंना," म्हणाले. कापड वाळत होतं आणि आटत होतं. थोड्या वेळानं ते खांबासारखे ताठ, कसेबसे खुर्चीच्या कडेला टेकून राहिले. ना उठता येईना, ना बसता येईना. सासूबाई कात्री घेऊन आल्या तेव्हा त्यांनी बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, "दोष हाय, दोष हाय! कात्री मैदानात चालत न्हाय!" सासूबाईंनी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत एका रेषेत विजार फाडली आणि बोट वर करून म्हणाल्या, "बाद!"

दुसरी विजार बनियनला वापरतात त्या ताणाच्या कापडाची झाली, आमच्या संघाच्या निळ्या रंगात रंगवलेली. डोक्यासाठी त्याच कापडाची, कानांवरून हनुवटीखाली येणारी टोपी, आत बारीक इलॅस्टिक, टाचणी नाही, गाठ नाही. ती घेऊन काका माझ्याबरोबर टेमघरला गेले. रेहानाचे वडील कामावरून आले होते. त्यांनी कापड दोन बोटांत धरून सवयीनं चाचपलं, मग विजार उभी धरली आणि मान हलवली. "कपडा ठीक है. लेकिन तंग है, पंचसाहब. तंग पहनना और ना पहनना, बात एक ही है."

आता मात्र मला रडू यायचं बाकी राहिलं. खेळाला घट्ट हवं आणि घराला सैल हवं, याच्यामध्ये कुठलं शिवणयंत्र चालणार? काका बाजेवर बसून विजार उलटीसुलटी करून बघत राहिले. आत रेहाना भांडी आवरत होती, पण भांड्यांचा आवाज थांबला होता. शेवटी काकांनी विचारलं, "भाईसाब, बाकीच्या लडक्या क्या पेहेनती? घुटनेतक ढिली हाफपँट. वो सबकी ढिली है. ये तंगवाली के उपर ये भी वोही हाफपँट डालेगी. उपर भी आस्तीन तंग, और उसपे सबका टी-शर्ट. जितना सबका ढिला, उतनाच इसका ढिला. कम न्हाय, जादा न्हाय. चलेगा?"

वडिलांनी विजारीवर आमच्या संघाची हाफपँट ठेवून पाहिली. रेहानाच्या अंगावर धरून पाहिली. मग म्हणाले, "ये चलेगा." रेहाना तोंडावर ओढणी धरून आत पळाली. भांडी पुन्हा वाजायला लागली, आणि जरा जास्तच जोरात वाजायला लागली.

अंतिम सामन्याला मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. निळी टोपी बघून गर्दीत कुजबुज सुरू झाली. क्रीडाशिक्षक तावातावानं पुढे आले. काकांनी दोन्ही कर्णधार मुलींना बोलावलं आणि रेहानाचा घोटा, गुडघा, मनगट धरायला लावलं. "हाताला काय लागतं? पाय का कापड?" प्रतिस्पर्धी कर्णधार हाडापेरानं मजबूत, स्पष्ट बोलणारी मुलगी होती. तिनं घोटा पकडून ओढून पाहिला आणि म्हणाली, "पाय लागतो." क्रीडाशिक्षक हिरमुसले. काकांनी जाता जाता त्यांच्या संघाकडे बघितलं. "आता तुमच्या येन्या. हिचे केस झाकले, तुमच्या पोरींच्या येन्या मोकल्या कसाला? वर बांधा. पिना काढा." मग नखं. दोन्हीकडच्या मुलींनी हात पुढे केले आणि काका एकेकीसमोर वाकत वाकत पुढे सरकले. रेहानाच्या हातापाशी क्षणभर जास्त थांबले, असं मला वाटलं. पण ते फक्त नख होतं. त्यांनी कापलं.

सामना असा झाला की मी, जिला आयुष्यात खेळातलं ओ की ठो कळलं नाही, ती मी खुर्चीवर उभी राहून ओरडत होते. शेवटच्या चढाईला एका गुणाचा फरक होता, आम्ही मागे. रेहाना गेली. एकीला शिवली, वळली, झेपावली, आणि त्या मजबूत कर्णधारानं मागून तिचा घोटा धरला. रेहाना पालथी पडली, हात मध्यरेषेकडे ताणला. बोट रेषेपासून वितीच्याही आत थांबलं. आणि तिचा आवाज साऱ्या मैदानावर गेला, "कापड! काका, कापड पकडलंय!"

 गर्दीच्या कडेला, कुंपणाशी तिचे वडील उभे होते. काका धावत आले, गुडघ्यावर बसले, त्या हाताकडे आणि त्या घोट्याकडे पाहिलं. दुसऱ्या पंचाकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले. काकांनी शिट्टी तोंडात घातली, वाजवली आणि बोट वर केलं.

"पाय हाय. बाद."

आम्ही हरलो. शिव्यांचा असा पाऊस पडला की विचारू नका. शहराकडची पोरं म्हणाली, शेवटी गाववाल्यानं गाववाल्यांना दिलं. गावाकडची म्हणाली, आधी तिला टोपी घालू दिली, लाडावली. मी स्वतः काकांवर रागानं फणफणत होते. ज्या माणसानं त्या पोरीसाठी चिखलात लोळून घेतलं, त्याला तिच्यासाठी एक बोट खाली ठेवता आलं नाही? काका गर्दीतून रेहानाच्या वडिलांकडे गेले. मी जवळच होते.  वडिलांनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "किसी ने वापस नहीं भेजा, पंचसाहब. खेल के हारी है." मग रेहानाकडे वळून म्हणाले, "अगले साल फिर आएगी." रेहाना तोवर हमसून रडत होती. ती रडायची थांबली.

पुढच्या वर्षी ती आली, आणि तिच्यासारख्या टोप्या घातलेल्या आणखी मुली आल्या. सासूबाईंचं मशीन त्या मोसमात थंड झालं नाही. एकदा प्रतिस्पर्धी गावातल्या एका मुलीनं, पायावरचा भाजल्याचा व्रण झाकायला, तसलीच विजार मागितली आणि सासूबाईंनी तीही शिवून दिली. कुणी हरकत घेतली नाही. रेहाना पुढे जिल्ह्याला खेळली, कॉलेजात गेली, आणि मुलींच्या सामन्यांत गळ्यात शिट्टी घालून उभी राहू लागली. काकांना मात्र त्या दिवसापासून एक भुंगा लागला होता. जेवता जेवता मधेच थांबायचे आणि विचारायचे, "तू बघितलंस ना, पाय होता?" मी म्हणायची, मला काय कळतं. मग सासूबाईंना विचारायचे. सासूबाई म्हणायच्या, "पाय हुता, पाय हुता, भात खावा." ते भात खायचे, पण समाधान व्हायचं नाही. आयुष्यभर छातीठोकपणे बोट वर करणारा हा माणूस त्या एका बोटाशी भांडत राहिला. त्या बोटानं त्या पोरीचं जिल्ह्याचं वर्ष घेतलं होतं, हे तो विसरला नव्हता.

ते गेले त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. ईदच्या दुसऱ्या दिवशी मी दापोड्याला गेले होते. अंगणातल्या मैदानावर ट्रकांची चाकं आता सरळ फिरत होती, कारण काकांना रेषा दिसत नव्हत्या. दोन्ही डोळ्यांवर पडदा उतरल्यासारखं धूसर झालं होतं. शिट्टी गळ्यात होती, पण ती वाजवायची कशावर, हे त्यांना दुसऱ्याला विचारावं लागे. रेहाना शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. काकांनी दोन वाट्या खाल्ल्या, मिशा पुसल्या, आणि मग इतकी वर्षं दाबून ठेवलेला प्रश्न एकदाचा बाहेर आला.

"पोरी, खरं सांग. मना राग यायचा न्हाय. पाय होता का कापड?"

रेहाना हसली. "काका, कापड असतं तर एवढी वर्षं मी तुम्हाला सोडलं असतं का? पाय होता. अच्छा मजबूत धरला होता तिनं."

"मंग वरडलीस कसाला?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, तर हेही द्याल." आणि हळूच पुढे म्हणाली, "दिलं असतं ना, तर मी दुसऱ्या वर्षी आलेच नसते. मुली काय म्हणाल्या असत्या? हिला टोपी घालून गुण मिळतात."

काकांनी मान डोलावली. पुष्कळ वेळ डोलावत राहिले. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि कुणाला दिसू नये म्हणून रिकाम्या वाट्या उचलल्या. मग काकांना एकदम कामाची आठवण झाली. त्यांनी खिशातून नेलकटर काढलं आणि म्हणाले, "हात बघू." रेहानानं दोन्ही हात पुढे केले. त्यांनी तिची बोटं चाचपली, एकेक करून, न बघता, आणि म्हणाले, "पास." तेवढ्यात रेहानाचं लक्ष त्यांच्याच हातांकडे गेलं.  तिनं त्यांच्या मुठीतून नेलकटर काढून घेतलं, त्यांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली आणि त्यांचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला. नखं चांगलीच वाढली होती. डोळे गेल्यापासून ती कुणी पाहिलीच नव्हती, आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. काका निमूट बसले होते, सामन्याआधी मुली बसायच्या तसे, बोटं ताणून, श्वास रोखून.

"झाली तपासनी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"झाली," रेहाना म्हणाली. "आता खेळायला हरकत नाही."